बोळातला कागद

तलासरीच्या क्वार्टर्समधलं आमचं घर आठवायचं म्हटलं की आधी त्याचा मागचा बोळ आठवतो. पुढे जे झालं ते तिथेच झालं, म्हणून बाकी घर बाजूला ठेवून आधी तोच सांगते. चार बिऱ्हाडांची बैठी ओळ होती, समोर सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि अंगणाच्या मध्यावर कडुलिंब. आमचं बिऱ्हाड शेवटचं. पुढची खोली, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे जाणारा तो बोळ, इतका अरुंद की आई समोरून आली तर मला उलटं चालत मागे यावं लागे. बोळात डोक्याच्या वर कडप्प्याचा माळा होता. त्यावर आईच्या माहेरचा पितळी हंडा, दोन कळश्या, पापडांचा पत्र्याचा डबा आणि गोधड्यांचं गाठोडं असं सगळं एकमेकांना रेटून बसलेलं. बाबा दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणायचे, "तो हंडा खाली घे एकदाचा." आणि आई म्हणायची, "घेते की. ठेवू कुठे, तुमच्या डोक्यावर?" हंडा वरच राहिला.

मी भित्री होते. आता हे लिहायला काही वाटत नाही, तेव्हा मरणाची लाज वाटायची. मी विजेच्या खांबाला भ्यायचे, शेजारच्या हंसाबेनच्या मांजरीला भ्यायचे, गणिताच्या वहीला भ्यायचे, आणि सगळ्यात जास्त आईला. आई झरीच्या शाळेत शिक्षिका होती. तिची शाळा सकाळची, माझी दुपारची. ती एकच्या सुमारास घरी यायची तोवर मी निघून गेलेली असायचे, त्यामुळे आमची खरी गाठ संध्याकाळी पडायची, आणि तोपर्यंत तिचा आवाज बसलेला असायचा. ती ओरडायची नाही, नुसती बघायची. ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला फार वाटायचं. बाबांचं उलट. ते सरकारी कचेरीत कारकून, तोंडाने गोड, आणि कुणाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. डहाणूला त्यांचे एक स्नेही होते. त्यांच्या पॉमेरेनियन कुत्रीला पिल्लं झाली आणि सगळी घरात ठेवणं त्यांना जमेना. बाबा एका शनिवारी कामासाठी डहाणूला गेले आणि संध्याकाळी बुटांच्या खोक्यात एक पिल्लू घेऊन आले.

ते पिल्लू म्हणजे कुत्री होती. वरून भाजल्यासारखा तांबूस रंग, पोटाकडे पांढरट, म्हणून मी तिचं नाव खारी ठेवलं, चहात बुडवून खायची ती खारी. ती माझ्या ओंजळीत मावायची आणि थरथरायची. माझ्यापेक्षा भित्रा जीव मी पहिल्यांदाच बघत होते. तिला हातात घेतल्यावर मला एकाएकी मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि ती गेली तर मी पुन्हा लहान होईन असंही वाटलं.

आईने खोक्यात डोकावून बघितलं आणि बाबांना विचारलं, "हिचं कोण करणार?"

"मी करेन," मी म्हणाले.

"घरात घाण केली तर?"

बाबांनी घसा खाकरून डहाणूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. तिन्ही इंजेक्शनं पूर्ण होईपर्यंत हिला बाहेरच्या जमिनीवर सोडायचं नाही. मोकाट कुत्र्यांचा रोग मातीतूनही लागतो आणि एवढंसं पिल्लू दोन दिवसांत जातं. तोवर घरातच, एका ठरलेल्या जागी, पॅडवर करायला शिकवायचं. लहान जातीची कुत्री पॅडवर शिकतात आणि पुढेही तीच सवय ठेवतात. आई हे सगळं ऐकून घेत होती, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. "दिवाळीपर्यंत," ती म्हणाली. "दिवाळीनंतर त्या पॅडच्या बाहेर एक थेंब दिसला तर जिथून आणली तिथे परत. मी सकाळी पाचला उठते, माझ्याच्याने फरशा पुसणं होणार नाही." दिवाळीला सव्वा महिना होता. मी त्या दिवसापासून रोज कॅलेंडरकडे परीक्षेच्या वेळापत्रकाकडे बघावं तसं बघू लागले.

पॅड तलासरीत कुठे मिळणार! बाबांनी ते वापीहून आणले. तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढा चौकोन, वरून पांढरा मऊ, खालून निळं प्लास्टिक. हंसाबेन मुद्दाम बघायला आल्या. त्या मूळच्या उंबरगावच्या, मराठी बोलायच्या पण मध्येच गुजरातीत घसरायच्या. "अरे बेटा, आटलू बधू, एवढा सगळा तर आम्ही आमच्या पोरांसाठी पण नाही केला," म्हणून खूप हसल्या आणि जाताना जुन्या गुजराती वर्तमानपत्रांचा गठ्ठा देऊन गेल्या, पॅड संपले तर असावेत म्हणून. त्यामुळे आमच्या घरात त्याला पॅड कुणी म्हणेना. कागदच नाव पडलं. जागा आईने ठरवली, मागचा बोळ. तिथली फरशी धुवायला सोपी आणि पाणी मागच्या दाराने बाहेर ढकलता यायचं.

खारीला कागद फार आवडला. ती त्याच्यावर झोपायची. त्याचे कोपरे ओढून चिंध्या करायची आणि चिंध्या माझ्या दप्तरात आणून टाकायची. आणि लघवी करायची ती कागदाला अगदी चिकटून, पण बाहेर. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी करत होते. झोपून उठली की उचलून कागदावर, खाल्लं की कागदावर, खेळून दमली, गोल गोल हुंगायला लागली की धावत कागदावर. ओला तुकडा नव्या कागदाखाली ठेवायचा, म्हणजे वासाने कळतं. मारायचं नाही, नाक घासायचं नाही, चुकली तर गप्प पुसून घ्यायचं. पण मी चोवीस तास घरी नव्हते. शाळा सुटली की मी धावतच घरी यायचे. दार उघडल्या उघडल्या मी आधी आईचं तोंड बघायचे आणि मग फरशी. एकदा आईचा पाय सकाळी अंधारात नको तिथे पडला. ती एका पायावर उभी राहिली, कॅलेंडरकडे बघितलं, आणि लंगडत मोरीत गेली. मी पांघरुणात तोंड घालून रडले. त्यानंतर मी आईच्याही आधी उठायला लागले आणि सापडलेली डबकी माझ्या जुन्या फ्रॉकने पुसून तो फ्रॉक दप्तराखाली लपवायला लागले. दप्तराला जो वास यायचा त्यावरून वर्गात माझ्या शेजारी कुणी बसेना.

वाट दाखवली ती कैनाडच्या आत्याने, तेही नकळत. आत्या बाबांची थोरली बहीण. तिची भातशेती, थोडी नाचणी, कुडाचं मोठं घर आणि अंगणभर कोंबड्या. आम्ही रविवारी तिच्याकडे गेलो की ती तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी करायची, आणि तिच्या चुलीच्या धुराचा वास आमच्या कपड्यांना दोन दिवस राहायचा. मी तिला खारीचं दुखणं सांगितलं. ती पदराने तोंड झाकून हसत सुटली.

"कुत्र्याला घरात हगायला शिकवतंस? आमची कुत्री बांधाच्या पलीकडं जाऊन येतात. त्यांना कोण शिकवायला गेलं होतं?"

मग ती उठली, स्टीलच्या वाटीवर चमच्याने टण टण टण केलं, आणि कुठूनकुठून, पेंढ्याखालून, गोठ्यामागून, तिच्या साऱ्या कोंबड्या पंख पसरून धावत आल्या. मी बघतच राहिले. कोंबडीला जे कळतं ते खारीला का कळू नये?

दुसऱ्या दिवसापासून मी बोळात वाटी आणि चमचा ठेवला. तिला कागदावर ठेवायचं आणि टण टण टण. तिने केलं की लगेच टोस्टचा तुकडा. पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी मी पुढच्या खोलीत बसून सहज वाटी वाजवली, आणि पलंगाखालून खारी तीरासारखी निघाली, स्वयंपाकघरातून वळताना घसरली, बोळात गेली आणि कागदाच्या बरोबर मध्ये बसून माझी वाट बघू लागली. आयुष्यात मला पुढे बरीवाईट यशं मिळाली. त्या सकाळइतका आनंद कशाने झाल्याचं आठवत नाही.

मला एक गोष्ट मात्र तेव्हा खटकायला हवी होती. मी शाळेत असताना, दुपारभर, खारीला कागदावर कोण नेत होतं? सगळा धडा ती इतक्या लवकर शिकली ती माझ्या सकाळच्या दोन तासांत? मी तो विचारच केला नाही. मला वाटलं, मी हुशार आहे. दिवाळी आली. आईने चकल्या तळता तळता एकदा बोळात जाऊन कोरड्या फरशीवरून पायाचा अंगठा फिरवला आणि परत कढईकडे आली. खारी राहिली.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत जमीन हलायला लागली.

ज्यांनी ते दिवस डहाणू-तलासरीकडे काढले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. आधी आवाज यायचा. जमिनीखाली कुणी डंपरभर दगड ओतल्यासारखा धडाडा, पायाच्या तळव्यांतून वर चढणारा. मग खिडक्यांच्या काचा, मग मांडणीवरची भांडी. दोन-तीन सेकंदांत सगळं संपायचं आणि मग जे शांत व्हायचं ते मला आवाजापेक्षा वाईट वाटायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही जेवत होतो. मांडणीवरची ताटं-वाट्या खणखणल्या, बाबा हातातला घास तसाच धरून उभे राहिले, आई मला ओढत अंगणात घेऊन आली. खारी कुठे? बाबा आत गेले आणि तिला बोळातून उचलून घेऊन आले. "कागदावर बसली होती," ते म्हणाले. "भूकंप झाला तरी शिस्त सोडली नाही बाईंनी." आम्ही हसलो. माणूस घाबरला की कशालाही हसतो.

मग ते रोजचं झालं. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही, आणि ते काहीच नसणं तर फारच भयंकर. हायवेवरून कंटेनर गेला तरी मी दप्तर टाकून पळायचे. आमच्या पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात एक भेग पडली, बाबांनी तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण केली, आणि दर दोन-चार दिवसांनी भेग त्या खुणेच्या पुढे सरकलेली दिसायची. लोक अंगणातच राहायला लागले. ताडपत्र्या बांधल्या, खाटा बाहेर आल्या, तीन दगडांच्या चुली मांडल्या. चारही बिऱ्हाडांच्या भाज्यांचे वास एकत्र व्हायचे, हंसाबेनच्या मेथीच्या थेपल्यांवर आईच्या बोंबलांचा वास जाऊन बसायचा आणि दोघी एकमेकींकडे बघायच्या. कैनाडहून आत्या आली, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "आमच्या कुडाला काय होत नाय. हालतो नि उभा ऱ्हातो. हा तुमचा सलॅबच तुमचा वैरी." ती चला म्हणत होती, पण बाबांची कचेरी, आईची शाळा, कसं जाणार? खारीची इंजेक्शनं एव्हाना झाली होती, तीही आमच्याबरोबर अंगणात राहायची. फक्त अंगणात ती काही करायची नाही. दिवसातून चार वेळा मागच्या दाराने तिला बोळात न्यावं लागायचं. मातीवर, गवतावर नेली की ती पाय आखडून माझ्याकडे बघायची. आम्ही तिला इतकं पक्कं शिकवलं होतं.

एका संध्याकाळी चार बिऱ्हाडांची सभा झाली. ठरलं असं की ज्याला पहिल्यांदा जाणवेल त्याने सगळ्यांना सावध करायचं, म्हणजे जो कुणी कामासाठी आत गेला असेल तो बाहेर पळेल. ओरडलेलं कुणाला ऐकू येतं, कुणाला नाही. मग बाबांनीच तोड काढली. हंसाबेनची एक मोठी स्टीलची थाळी कडुलिंबाच्या फांदीला टांगली आणि दोरीला एक डाव बांधला. "बघू या," असं म्हणत त्यांनी थाळी वाजवली. टण टण टण.

खारी माझ्या मांडीवरून उडाली आणि सगळ्यांच्या पायांतून वाट काढत घरात शिरली.

मुलं हसली. एक काका म्हणाले, "ही उलटीच पळते." मला कळलं. मांडणीवरची भांडी खणखणली तेव्हाच कळायला हवं होतं, पण आता तर दगडावर कोरल्यासारखं कळलं. ज्या आवाजाला सगळी चाळ जीव घेऊन बाहेर पळणार, त्याच आवाजाला माझी खारी घराच्या पार आत, माळ्याखाली, कागदाच्या मध्यावर जाऊन बसणार, टोस्टच्या तुकड्याची वाट बघत. आणि हे तिला मी शिकवलं होतं.

मी बोलले नाही. अजूनही इथपर्यंत आले की पेन थांबतं. एक वाक्य बोलायचं होतं, थाळी नको, शिट्टी घ्या. पण शिट्टी का, असं आई विचारणार. मग मला वाटीचं सांगावं लागणार. मग आई म्हणणार, या गोंधळात कुत्र्याची भानगड कशाला, डहाणूला पाठवा. तेव्हा सगळ्यांचीच घरं अशी टांगणीला लागलेली, एका कुत्रीसाठी कोण थांबणार? मी गप्प बसले आणि त्याच संध्याकाळी एक सुतळी घेऊन खारीला खाटेच्या पायाला बांधलं. आईने विचारलं तर सांगितलं, मोकाट कुत्री येतात म्हणून.

पुढचे दिवस मी फक्त त्या सुतळीचा विचार करत काढले. शाळा मैदानात भरायची, झाडाखाली. जमीन हलली की बाई म्हणायच्या, "कुणी उठू नका, आपण मोकळ्यावरच आहोत," आणि सगळी मुलं देवाचं नाव घ्यायची. मी म्हणायचे, सुतळी तुटू देऊ नकोस. संध्याकाळी घरी आले की आधी खाटेच्या पायाकडे पळायचे. दोन-तीनदा मला गाठ वेगळी दिसली. मी साधी गाठ मारायचे, आणि ही होती दोन वेढे घेऊन खाली सरफास, वह्यांचे गठ्ठे बांधतात तशी. खारीने मला बघून शेपूट हलवली की मी गाठ विसरून जायचे.

तो रविवार होता. सकाळचे साडेनऊ-दहा. आत्या कैनाडहून वालाच्या शेंगा घेऊन आली होती आणि कडुलिंबाखाली बसून त्या सोलत होती. बाबा ताडपत्रीची दोरी आवळत होते. आई चुलीशी भाकऱ्या थापत होती, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. सुतळीने खारीच्या मानेचे केस झडले होते, खाली लाल झालं होतं. मला वाईट वाटलं. मी सुतळी सोडली, तिला मांडीवर घेतलं आणि खोबरेल तेलाचं बोट त्या जागेवर फिरवू लागले. दोन मिनिटांचं काम होतं.

धडाडा झाला. फार मोठा नाही. हंसाबेन थाळीच्या अगदी जवळ होत्या. "हाय हाय, पाछो आव्यो, परत आला!" म्हणत त्यांनी डाव हातात घेतला आणि जीव खाऊन थाळी बडवली.

तेलाने माझे हात निसरडे झाले होते. खारी सुळकन निसटली. तिचं तांबूस शेपूट आमच्या दारात दिसेनासं झालं.

मी उभी राहिले. एवढंच केलं. मी त्या क्षणाकडे पुष्कळ वेळा परत गेले आहे आणि दर वेळी मी उभीच आहे. मला दिसलं ते इतकंच की आई उठली. तव्यावर भाकरी होती, ती तशीच टाकून आई धावली. मी आईला धावताना कधी बघितलंच नव्हतं. बाबा ओरडले, "अगं, कुठे जातेस? थांब!" ती पुढच्या खोलीत थांबली नाही, कुठे खाली वाकली नाही, पलंगाखाली बघितलं नाही. उघड्या दारातून मला ती सरळ स्वयंपाकघराकडे जाताना दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

तेव्हा दुसरा आला. आधीच्या कुठल्याच धक्क्यासारखा तो नव्हता. जमीन एका बाजूला ओढली गेली आणि परत आली. कडुलिंबाची पानं खाली सांडली. आणि आमच्या घराच्या पोटातून पितळेचा आवाज आला, एकच, जड, आणि त्यामागून डबे, कळश्या, दगड. दारातून पांढरी धूळ बाहेर आली.

थाळी आपोआप हलत होती. तेवढ्यात घराच्या बाजूने, मागच्या अंगाने वळसा घालून, खारी आली. एकटी. शेपूट हलवत ती माझ्या पायाशी येऊन बसली. तिच्या पाठीवर पिठाची पाच बोटं उमटलेली होती. मागच्या दाराबाहेर तिला कुणीतरी जोरात फेकलं होतं, आणि ज्याने फेकलं ते माणूस बाहेर आलं नव्हतं. ती पाच बोटं बघून माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मला स्वतःचा वाटला नाही.

बाबा आणि आत्या आत गेले. आत्याने जाताना मला म्हटलं, "तू इथंच ऱ्हा, हाल्लीस तर बघ." किती वेळ गेला ठाऊक नाही. मी खारीला इतकं घट्ट धरलं की ती केकाटली. मग दोघांच्या मध्ये आई दिसली. चालत होती. डोक्यापासून पायापर्यंत धुळीने पांढरी, उजवा हात लोंबत होता, जणू तो तिचा नव्हताच. तिने अंगणभर नजर फिरवली, माझ्यावर आणि मग माझ्या कवेतल्या खारीवर ती थांबली. मग ती मटकन खाली बसली. "तव्यावरची भाकरी काढा कुणीतरी," ती म्हणाली.

हंडा तिच्या खांद्यावर पडला होता. एक वीत इकडे पडला असता तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं, किंवा वेगळंच लिहिलं असतं. वापीच्या दवाखान्यात खांद्याला आणि दंडाला प्लास्टर घातलं. आठ दिवस ती तिथे होती. आत्या आणि मी तिच्याजवळ, बाबा येऊन-जाऊन. त्या आठ दिवसांत मी नीट जेवले नाही. आत्याला वाटे मी धक्क्याने घाबरले आहे. मी घाबरले होते ते वेगळ्याच गोष्टीला. आईच्या प्लास्टरकडे बघितलं की मला हंड्याचा आवाज ऐकू यायचा, आणि हे मी केलं, मी केलं, एवढंच डोक्यात चालायचं. शेवटच्या सकाळी आत्या चहा आणायला गेली. मी पलंगाच्या कडेला उभी राहिले आणि आईच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "आई, मला माहीत होतं."

"काय?"

"थाळी वाजली की खारी आत पळते. मीच शिकवलंय तिला. वाटी वाजवून. सभेच्या दिवशीच मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

आता ती बघणार, असं मला वाटलं, तिचं ते बघणं. ती बघत होती, पण माझ्याकडे नाही, दाराकडे. बाहेर औषधांच्या खिडकीशी बाबा पाठमोरे उभे होते.

"हळू बोल," आई म्हणाली. "त्यांनी ऐकलं तर उद्या डहाणूला पोचवतील तिला."

आईने डाव्या हाताने चादर सारखी केली. "दुपारी तू शाळेत असायचीस तेव्हा वाटी कोण वाजवत होतं, तुला काय वाटलं?" तिचा बसलेला आवाज आणखी खाली गेला. "मलाही सभेच्या दिवशीच कळलं होतं. मीही गप्पच बसले. सुतळी बांधत होते तेवढी."

दोन वेढे आणि खाली सरफास. मी तिच्या प्लास्टरवर डोकं ठेवून रडले आणि तिने ठेवू दिलं, दुखत असणारच. आईला मी पुढेही भ्यायचे, पण ते भिणं आता वेगळं होतं. आता मला तिच्या जिवाची भीती वाटायची. ती अजून वाटते. तिचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायचा असला की ती मला हाक मारते आणि मी हातातलं सगळं टाकून जाते.

आम्ही दुपारी तलासरीला पोचलो. सबंध रस्ताभर मला त्या अंगणात पुन्हा पाय ठेवायची भीती वाटत होती. कडुलिंबाला थाळी तशीच टांगलेली होती. मी आईचा पदर धरला. आम्ही रिक्षातून उतरतोय न उतरतोय तोच पायाखाली तो ओळखीचा धडाडा झाला, आणि हंसाबेनने थाळी बडवायला सुरुवात केली. खारी आमच्या उंबऱ्यावर बसली होती. ती उठली. मी डोळे मिटले.

आईने माझा खांदा दाबला. मी डोळे उघडले तेव्हा खारी घरात नव्हती. ती कडुलिंबाच्या पलीकडे, मोकळ्यावर, भिंतींपासून लांब बसली होती, आणि तिच्याखाली कागद होता. निळ्या प्लास्टिकचा, स्वच्छ, चार कोपऱ्यांवर चार दगड. शेजारी आमची वाटी आणि चमचा. आठ दिवसांत कुणीतरी खपून तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं होतं.

बाबा आमची पिशवी घेऊन मागून आले. त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं नाही. खारीपाशी जाऊन त्यांनी शर्टाच्या खिशातून टोस्टचा तुकडा काढला आणि तिला भरवला.

"वाऱ्याने उडतो," ते म्हणाले, "म्हणून दगड ठेवलेत."